ऑखेनडारीचा क्लब वाढवला

१४ सप्टेंबर, रविवार. अ‍ॅशबर्न

शरयूने आज ही डायरी आणून दिली. "बाबा, मनातलं लिहीत जा, बरं वाटेल." कुठल्यातरी पॉडकास्टवर ऐकलं असणार. मनातलं लिहायचं तर पहिलं हे, की मी अमेरिकेला आलेलो नाही, मला आणलेलं आहे. मे महिन्यात दुकानात जरा चक्कर आली आणि मी काउंटरमागे आडवा झालो, एवढीच गोष्ट. शटर अर्धं ओढलेलं होतं, त्यामुळे मी सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. त्याचं माझ्या लेकीने असं प्रकरण केलं की जसं काही मला विहिरीतूनच उपसून काढलं. परतीचं तिकीट जानेवारीचं आहे. त्याची प्रिंट काढून पाकिटात ठेवलीय. पाकीट उशाखाली.

तर दुकान वाढवून आलोय. कोल्हापुरात, पेठेत, नंदा स्पोर्ट्स. फुटबॉल, ब्लॅडर, स्टड, शिट्ट्या, तालमींच्या संघांच्या जर्सी. शरयूच्या जन्माआधीपासून आहे. एक किल्ली माझ्या खिशात, दुसरी भाच्याकडे, संजीवकडे, तीही फक्त उदबत्तीपुरती. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे इथल्या लोकांना सांगून उपयोग नाही. इथे हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल म्हणतात.

जावई शिव न्यू जर्सीत जन्मला. मुलगा सज्जन आहे, डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे, माझ्याशी हट्टाने मराठीतच बोलतो. आज विचारलं, "बाबा, तू चहा पिते का?" शरयू म्हणाली, तो ट्राय करतोय ना. मी म्हटलं, करू दे की. पिते मी.

१७ सप्टेंबर, बुधवार

फिरायला गेलो. बघायला काय आहे, तर डेटा सेंटर. त्याच्या पलीकडे डेटा सेंटर. खिडक्या नाहीत, माणसं नाहीत, नुसता घूंऽऽ आवाज. शिव म्हणतो सगळ्या जगाचं क्लाउड इथे असतं. असेल. पाऊस काही पडलेला दिसला नाही.

परत येताना आमच्याच गल्लीत एका उघड्या गॅरेजमध्ये खिळ्याला चामडी बॉल टांगलेला दिसला. वादीचा. तोंडाला वादी ओवलेला, जुन्या पद्धतीचा, हवा गेलेला. मी थांबलो. आतून एक म्हातारा आला. मी एकाहत्तरचा, तरी याला म्हाताराच म्हणणार, कारण तो शहाऐंशीचा आहे. डंकन रेनी. डोळे जवळजवळ गेलेले, पण गळ्यात टाय. गॅरेजमध्ये टाय!

मी सांगितलं, हा माझा धंदा आहे, असले बॉल हजारो भरलेत, पंप द्या. पंप दिला. मी ऐटीत सुई घातली, हवा भरली, कान लावला, आणि आतलं रबरी ब्लॅडर फुटलं. असा आवाज झाला की समोरच्या घरातली बाई बाहेर आली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "एकोणीसशे एकोणसाठपासून टिकला होता." आणि हसत सुटला. मलाही हसू आलं, पण मी कोल्हापूरचा असल्यामुळे चूक ब्लॅडरची आहे असं सांगितलं.

तो स्कॉटलंडचा. गावाचं नाव ऑखेनडारी. इथे सगळे ऑकेनडारी म्हणतात म्हणे. मी पहिल्या झटक्यात घशातून 'ख' काढला तर म्हाताऱ्याने माझा हातच धरला. जवळजवळ साठ वर्षांत अमेरिकेत कुणी नीट म्हटलं नव्हतं. आम्हाला काय, आमच्यात तो घसा खाकरायला लागतोच. तो मला 'जग' म्हणतो, कारण जगन्नाथ त्याच्या तोंडात मावत नाही. आपल्याकडे जग म्हणजे दुनिया. इथे जग म्हणजे पाण्याचा.

२१ सप्टेंबर, रविवार

डंकनकडे गेलो होतो. वेड बघायला लांब जावं लागत नाही, हे लिहून ठेवतो.

या ऑखेनडारी गावात एक फुटबॉल क्लब होता, थिसल नावाचा. थिसल म्हणजे काय विचारलं, तर आपल्या पिवळ्या धोत्र्यासारखं काटेरी तण. क्लबला तणाचं नाव! आमच्या तालमींनी निदान देवांची नावं ठेवलीत. हा क्लब १९६७ साली संपला. गावातली गिरणी बसली, पोरं पांगली, मैदानावर आता घरं आहेत. संपला म्हणजे संपला की नाही? तर नाही. क्लब बंद करायचा तर सभेला किमान तीन सभासद हजर लागतात, असा नियम. शेवटच्या सभेला तिघंसुद्धा आले नाहीत. जो तो म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू. डंकन तेव्हा गोलकीपर आणि सेक्रेटरी. तो रबरी शिक्का घेऊन पुढच्या वर्षी अमेरिकेत आला आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी स्वतःच्या हॉलमध्ये क्लबची वार्षिक सभा घेतो. एकटा. टाय लावून.

सभेत काय करतो, तर आधी गैरहजर सभासदांची नावं वाचतो. म्हणजे कोण येऊ न शकल्याबद्दल दिलगीर आहे, ते. सगळे मेलेले. मग कोरम नाही म्हणून सभा तहकूब. मग चहा.

मी विचारलं, बायकोला सभासद करायचं होतंत की. तर बायको, मॅगी, शेजारच्या गावची. तिकडचा संघ यांचा वैरी. ती म्हणाली मरेन, पण थिसलची होणार नाही. आणि शब्दाला जागली.

आता त्याची मुलगी त्याला ओहायोला नेणार आहे, एका वृद्धांच्या ठिकाणी. दोन नोव्हेंबरला येतेय. घर विकलं गेलं. म्हणून त्याची इच्छा, की यंदाच्या सभेत तीन माणसं जमवून क्लब रीतसर बंद करावा आणि क्लबचा इतिहास लिहून गावच्या लायब्ररीला धाडावा. नाहीतर तो मेल्यावर क्लब अर्धवट लोंबकळत राहील, अशी त्याला धास्ती. डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा लिहिणार कोण? माझ्याकडे बघून म्हणाला, "जग, तू धंद्यातला माणूस आहेस."

इतकी वर्षं वॉशिंग्टनच्या बगलेत राहून याला दोन माणसं मिळाली नाहीत? मला विचाराल तर याला मिळवायचीच नव्हती. मेलेल्या क्लबचा शिक्का उशाशी घेऊन झोपतो. काही माणसांना सोडवत नाही, दुसरं काय.

सकाळी किल्ली सापडेना. तासभर घर उलटंपालटं केलं, शिवला गादी उचलायला लावली. शेवटी सदऱ्याच्या खिशातच निघाली. नाश्ता काही गेला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

संजीवचा फोन. शेजारचा मोबाइल कव्हरवाला दुकान मागतोय. तुळशीच्या लग्नापर्यंत हो किंवा नाही सांगा म्हणतो, नाहीतर तो दुसरीकडे बघणार. मी म्हटलं बघू दे. मोबाइलला कपडे शिवणारा माणूस, त्याला माझं दुकान!

शरयूने ऐकलं. मग काय, जेवणाच्या टेबलावर सभा भरली. "बाबा, बंद करा ना आता. तिकडे एकटे काय करणार?" मी म्हटलं, पहिली गोष्ट, बंद म्हणायचं नाही. दुकानाला बंद म्हणत नाहीत. ती म्हणाली, "शब्दात काय आहे? तुम्ही त्या शटरमागे पडला होतात. मी इथे मीटिंगमध्ये होते. फोन सायलेंटवर होता." आणि ताटावरून उठली. बारीकसारीक गोष्टीवरून रडते, लहानपणापासून अशीच. फोन सायलेंट नसता तरी इथून काय करणार होती?

शिव मला म्हणाला, "बाबा, ती भीती आहे." म्हणजे ती घाबरते, असं म्हणायचं असेल. किंवा खरंच तेच म्हणायचं असेल.

२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं इथे कुठली. शरयूने कागदाची कापून आणली. संजीवला व्हिडिओ लावायला सांगून दुकानातली बॉल शिवायची आरी, पंप आणि सुयांची पूजा करवून घेतली. झेंडूचं तोरण त्याने तिरकं बांधलं होतं. तीन वेळा सरळ करायला लावलं, तर नेटवर्क गेलं असं म्हणाला. नेटवर्क त्याच्या सोयीने जातं.

नंतर डंकनला कागदी सोनं द्यायला गेलो. त्याने कोटाच्या खिशाला लावलं. काय आहे ते विचारलंही नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

इतिहास सुरू झाला. तो सांगतो, मी मराठीत उतरवतो, कारण माझं इंग्रजी बिल फाडण्यापुरतं. नंतर शिव त्याचं इंग्रजी करणार. शिवची मराठी आणि माझं इंग्रजी, मध्ये ऑखेनडारी. लायब्ररीचं काय व्हायचं ते होवो.

म्हातारा दर वाक्याला 'आय' म्हणतो. त्यांच्याकडे आय म्हणजे होय. कोल्हापुरात एवढ्या जोरात आय म्हटलं की पुढे काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी पहिले दोन दिवस उगाच दचकत होतो. आणि 'आय, राइट' म्हटलं की त्याचा अर्थ होय, बरोबर, असा नाही. त्याचा अर्थ, मोठा आलाय सांगणारा! दोन होकार मिळून एक नकार. पुण्याचे पाहुणे दुकानात येऊन "वा, छान आहे हं" म्हणत आणि काही न घेता जात, त्यातला प्रकार.

आजचा इतिहास असा. मैदानाला इतका उतार, की बॉल सुटला तर खालच्या ओढ्यात. म्हणून ओढ्यात जाळं घेऊन उभा राहणारा एक माणूस क्लबचा पदाधिकारी होता, निवडून आलेला. क्लबने उभ्या आयुष्यात एक कप जिंकला, १९३१ साली, आणि तो अंतिम सामन्यात समोरचा संघ रस्ता चुकल्यामुळे. मी लिहिलं, समोरचे आले नाहीत. डंकन म्हणाला, "असं लिही, थिसलने अंतिम सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही." मी लिहिलं. खोटं थोडंच आहे.

मग त्याने शेवटच्या सामन्याचं सांगितलं. एप्रिल १९६७. गिरणी बसल्यावर इंग्लंडातल्या पोलादाच्या कारखान्याने माणसं घ्यायची ठरवली होती आणि न्यायला बस येणार होती, नेमकी सामन्याच्या दिवशी. मध्यंतराला बस मैदानाशेजारी येऊन उभी राहिली. बायका, पोरं, ट्रंका आधीच आत. खेळाडू एकेक करून चढले, अंगात थिसलचा पिवळा शर्ट तसाच. दुसऱ्या हाफला डंकन गोलमध्ये उभा राहिला तेव्हा पुढे चारच उरले होते. पंचाने शिट्टी वाजवली, ती सुरुवातीची नाही, संपल्याची. शून्य शून्य.

"म्हणजे आम्ही हरलो नाही," डंकन म्हणाला.

एवढं वाईट मी अलीकडे काही ऐकलं नव्हतं. त्याने विचारलं, "तुझ्या दुकानाचं नाव काय?" मी म्हटलं नंदा स्पोर्ट्स. "नंदा कोण?" मी म्हटलं, दुकान.

तो म्हणाला, "आय, राइट."

१८ ऑक्टोबर, शनिवार

तिसरा सभासद मिळाला. शिव. मीच बळजबरीने नेला. डंकनने त्याची मुलाखत घेतली, फुटबॉल कधी खेळलास का? शिव म्हणाला शाळेत सॉकर खेळायचो, बेंचवर असायचो. डंकन म्हणाला, "उत्तम. परंपरेला धरून आहे."

आम्हा दोघांना सभासद करून घेतलं, शिक्का मारून. तणाचं चित्र आहे शिक्क्यावर. घरी येताना शिव अगदी खुशीत होता. मला म्हणाला, "बाबा, मी कधी टीममध्ये नव्हती." मी म्हटलं, आता आहेस. पण ही टीम पंधरा दिवसांत बंद व्हायची आहे. त्याचं तोंड एवढंसं झालं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

संजीवने दुकानात दिवे लावले. व्हिडिओत बाहेरचा टांगलेला बॉल दिसला, त्याच्यावर धूळ. फोन ठेवताना म्हणाला, "मामा, कव्हरवाला विचारतोय." मी म्हटलं, त्याला दिवाळीच्या शुभेच्छा दे.

शरयूच्या चकल्या फसल्या. छान झाल्यात म्हणून चार खाल्ल्या. ती म्हणाली, "बाबा, खोटं बोलू नका, जानेवारीत जाणारा माणूस म्हणून एवढं गोड वागताय." आता यावर काय बोलायचं? इकडून धरलं तरी चावतं, तिकडून धरलं तरी चावतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

इतिहासाचं इंग्रजी तयार झालं म्हणून आम्ही डंकनकडे गेलो. घरात खोकीच खोकी. तो आपल्या खुर्चीत डोळे मिटून बसला, शिव वाचायला लागला. ओढा, जाळं, कप, बस, सगळं ठीक चाललं होतं. म्हातारा ओठ हलवत होता. शेवटचं वाक्य आलं. मी मराठीत लिहिलं होतं, 'आणि अशा रीतीने १९६७ साली ऑखेनडारी थिसल क्लब वाढवला.' शिवने काय वाचावं? अशा रीतीने १९६७ साली क्लबचा विस्तार करण्यात आला.

डंकनचे ओठ थांबले.

"काय करण्यात आला?" डंकन.

शिवने पुन्हा वाचलं. विस्तार. मोठा केला.

डंकन मला म्हणाला, "जग, अर्धा संघ बसमध्ये बसून गेला आणि क्लब मोठा झाला?" आणि मग, अगदी हळू, "आय, राइट."

त्याला वाटलं मी त्याची टर उडवली. उठायला लागला, काठी खाली पडली. मला धरणी ठाव देईना. मी शिवला म्हटलं, अरे गाढवा, वाढवला म्हणजे मोठा केला नाही! शिव म्हणाला, "बाबा, आई मला लहानपणी जेवण वाढते म्हणायची, अजून वाढू का, म्हणजे मोअर. वाढदिवस म्हणजे मोठं होणं. मग वाढवला म्हणजे मोठाच ना?" आता यात त्या पोराचं काय चुकलं सांगा.

मग मीच माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगायला बसलो. म्हटलं, डंकन, आमच्यात दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत. अशुभ. रात्री शटर ओढतानासुद्धा दुकान वाढवलं म्हणतात. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बाईची बांगडी फुटली तर फुटली म्हणायची नाही, वाढली म्हणायची. नंदाची बांगडी माझ्याकडून एकदा दारात चिमटून फुटली, मी 'फुटली' म्हटलं, तर दिवसभर बोलली नाही. जे संपतं, मोडतं, त्याला आम्ही वाढलं म्हणतो. तुमच्यात दोन होकारांचा नकार होतो, मग आमच्यात वाढवणं म्हणजे बंद करणं झालं तर तुमच्या पोटात का दुखतं?

डंकन पुन्हा खुर्चीत टेकला. मग त्याने विचारलं, "दुकान. रोज रात्री असंच म्हणता? आणि सकाळी उघडता?"

मी म्हटलं, हो.

"आणि कायमचं मिटवलं तर? त्याला वेगळा शब्द?"

मी सांगायला गेलो, आणि म्हटलं, तोच. वेगळा शब्द नाही. इतकी वर्षं बोलतोय, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

म्हातारा रडला. मोठ्याने नाही, नुसतं चष्म्याखालून. मग नाक शिंकरून शिवला म्हणाला, "तुझं भाषांतर बरोबर आहे. एक अक्षर बदलायचं नाही."

१ नोव्हेंबर, शनिवार

ऑखेनडारी थिसलची वार्षिक सभा. स्थळ, डंकनचा हॉल, चार खुर्च्या सोडून बाकी सगळं खोक्यांत. मी कोट घातला. शिवने टाय लावला, पिवळा, मुद्दाम विकत आणलेला. शरयूने चहा आणि शिरा आणला, पाहुणी म्हणून बसली. डंकन म्हणाला पाहुण्यांना मत नाही. ती म्हणाली सवय आहे.

कोरम पूर्ण आहे असं जाहीर करताना म्हाताऱ्याचा आवाज असा काही लागला, की जसं स्टेडियम भरलंय.

मग गैरहजर सभासद. तो पाठ म्हणत होता. आर्चीबाल्ड, बसमधून गेलेला. टॉम, ओढ्यातला. दोघे भाऊ, एकाच दिवशी जन्मलेले. मी आजवर या प्रकाराची थट्टा केली, डायरीतही केलीय. आज ऐकताना कळलं, की ही नावं घ्यायला एक जागा लागते, वर्षातून एकदा तरी, आणि याने ती राखली. नावं संपली. रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "आणखी कुणाची दिलगिरी?"

माझ्या तोंडून गेलं, "नंदा वडगावकर. कोल्हापूर."

शरयूने हातातली बशी खाली ठेवली. डंकनने विचारलं, "सभासद होत्या?" मी म्हटलं, नव्हती. पण तुमच्या मॅगीसारखी नाही, विचारलं असतं तर झाली असती. दुकानाच्या पाटीवर नाव घालू का विचारलं होतं तर म्हणाली, घाला, पण अक्षर सुबक काढा. दोन वर्षं झाली जाऊन. पाटी रोज पुसायचो.

"नोंद करा," डंकन म्हणाला. शिवने लॅपटॉपवर नोंद केली. त्याला नीट दिसत नव्हतं बहुतेक, दोनदा खोडून लिहिलं.

मग मुख्य ठराव. डंकनने मांडला, की ऑखेनडारी थिसल हा क्लब आज वाढवण्यात येत आहे. मी अनुमोदन दिलं. तिन्ही हात वर. एकमताने मंजूर. शिव म्हणाला, पण मग नक्की काय झालं, क्लोज झालं का एक्सपांड झालं? डंकन म्हणाला, "गेल्या वर्षी एक सभासद होता. आज तीन आहेत. तूच मोज."

आणि वाढलेल्या क्लबला सेक्रेटरी लागतो म्हणून शिक्का माझ्या हातात दिला. मी घेऊन बसलो. म्हातारा महाबिलंदर! क्लब बंद करायला मला बोलावलं आणि गळ्यात घातला.

पुढच्या सभेची तारीख ठरली, पुढच्या नोव्हेंबरचा पहिला शनिवार, स्थळ शिवचं गॅरेज. डंकनने आगाऊ दिलगिरी नोंदवून ठेवली. आलो तर खोडता येईल म्हणाला.

दारापर्यंत पोचवायला आला. "येतो," असं मी आपल्या सवयीने मराठीत बोललो. त्याने अर्थ विचारला. सांगितलं, जाताना आम्ही असं म्हणतो, की येतो. मान हलवून म्हणाला, "तुम्ही लोक सरळ कधी बोलणार?"

घरी येताना शरयू माझ्या बाजूने चालत होती. म्हणाली, "बाबा, पुढच्या नोव्हेंबरला सभा कोण घेणार?"

मी म्हटलं, सेक्रेटरी.

ती थांबली रस्त्यातच. शिव पुढे निघून गेला होता, तोही मागे आला. आता लोक बघतात म्हणून मी चालत राहिलो. मला रडू येत होतं, ते असं डायरीत लिहायला हरकत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. आजपासून तुळशीची लग्नं

सकाळी डंकनची मुलगी आली. त्याने गाडीतून हात केला, पण भलत्याच घराकडे बघून.

परत येऊन संजीवला फोन लावला. तिकडे रात्र झालेली, रोजची दुकान वाढवायची वेळ. म्हटलं, दुकानात जा, कव्हरवाल्यालाही बोलाव आणि व्हिडिओ लाव. गेला. शटर वर केलं, दिवे लावले. सगळं जागच्या जागी. म्हटलं, बाहेरचा बॉल आत घे, धूळ पूस, उद्या समोरच्या तालमीतल्या पोरांना देऊन टाक. आरी आणि पंप माझ्यासाठी ठेव. पाटी उतरव आणि तुझ्या घरी ने, पालथी ठेवायची नाही. उदबत्ती लाव. लावली. त्याच्या पाठीमागे कव्हरवाला उभा होता, चप्पल बाहेर काढून. बरा वाटला मुलगा.

"आता वाढव," मी म्हटलं.

संजीवचा हात शटरवर थांबला. "मामा, रोजच्यासारखं? का कायमचं?"

मी म्हटलं, "शब्द एकच आहे, बाळा."

शटर खाली आलं. नेहमीसारखंच मध्ये अडकलं, त्याने गुडघा लावला तेव्हा उतरलं. मग त्याने शटरला हात लावून कपाळाला लावला, मी रोज करायचो तसं. मीही इकडून हात पुढे केला, नमस्कार करावा म्हणून, तर बोट फोनच्या लाल बटणावर पडलं आणि फोन कट झाला.

परत लावला नाही.